अण्णाची रिकामी काच

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्याआधी हे रडले. माझ्या भावासाठी नवरा इतका रडतो, याचं मला केवढं बरं वाटलं होतं... उदगीरला आमच्या रीतीनं अण्णाला मातीत समाधी देऊन आम्ही चाकूरला घरी आलो आणि हे म्हणाले, "माझी तपासणी अण्णांनीच केली होती. माझ्यात बीजच न्हाई म्हणले. तुला सांगू नका म्हणून मी शपथ घातली त्यांना." ती तपासणी झाली तेव्हा आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. म्हणजे जन्मभर मी वांझ म्हणवून घेतलं, ते माझ्या भावाच्या साक्षीनं.

अण्णा जनावरांचा डॉक्टर. नवा लातूर जिल्हा झाला त्या सुमारास दुष्काळ पडला आणि तो रेणापूरकडच्या चारा छावणीवर होता. एकदा मी डबा घेऊन गेले, तर एक म्हातारे शेतकरी दोन देवणी गायी बाजारात न्यायला निघालेले. "गाभणच राहीनात. वांझोट्या हायत."

अण्णा भडकला. "गायींना कशाला बोल लावता? आधी वळू बघू की!" त्यानं वळू तपासला, त्याच्या वीर्याचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोप मांडला आणि अख्ख्या छावणीला बघायला लावलं. मलाही. काचेवर काहीच हलत नव्हतं. "बीज तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. काहींनी मूळ म्हणून मागं राहायचं, काहींनी बीज व्हायला पुढं जायचं, ते जनुकं ठरवतात. तो हुकूम चुकला की सगळ्याच पुढं जातात अन् मूळ संपतं. वळू दिसायला धडधाकट, आतून रिकामा. यात त्याचा दोष न्हाई, अन् गायींचा तर न्हाईच न्हाई."

गायी वाचल्या. मला त्याचा कोण अभिमान वाटला! घरी मात्र सासूबाई मला कुणाच्या डोहाळजेवणात ओटी भरू देत नव्हत्या. मी अण्णापाशी रडायचे. तो डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "होईल गं." कसं होणार होतं? ह्यांची काच त्यानं त्याआधीच बघितली होती.

ह्यांना लाज वाटली, भीती वाटली, ते मी समजू शकते. पण अण्णा, तू माझा होतास ना रे?

वहिनीनं आठवण म्हणून तोच मायक्रोस्कोप मला दिलाय. त्या दिवशी मी त्यातून बघत होते, तेव्हा तू काचेकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होतास... गायींसाठी अख्खी छावणी गोळा केलीस, अण्णा. मला एकटीला सांगितलं असतंस, तरी पुरलं असतं.