गोविंदरावांच्या टाचा आणि चिंच

गोविंदरावांनी चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवले आणि माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये चिंचेचा वास पसरला. पाय लखलखीत होते. उजव्या टाचेवर मात्र रुपयाएवढी कातडी सोलून निघाली होती आणि मध्ये ओली जखम होती.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नाही की, डॉक्टरम्मा. बरें वाटतें."

डायबेटिसच्या डॉक्टरला सगळ्यात जास्त भीती या उत्तराची वाटते.

गोविंदरावांचं जवळच्या नाचियार्कोविल गावात पितळी समयांचं दुकान. घरात तंजावरी मराठी. मी साताऱ्याची, लग्न होऊन कुंभकोणमला आले. त्यांची मराठी मला जुन्या बखरीसारखी वाटते आणि माझी त्यांना बातम्यांसारखी. पण पेशंटशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून मी त्यांच्याशी जरा जास्तच बोलते. घोटाळा तिथेच झाला.

तीन आठवड्यांपूर्वी ते तळपायांची आग होते म्हणून आले होते. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा बिघडतात. काही ठिकाणी आग होते, काही ठिकाणी काहीच कळेनासं होतं. त्यांची टाच दुसऱ्या प्रकारातली होती. मी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक नसांच्या वेदनेची, रात्री घ्यायची. दुसरी अँटीऑक्सिडंट, सकाळी उपाशीपोटी.

"ही दुसरी कशास?" त्यांनी विचारलं.

साखरेमुळे नसांना इजा करणारे पदार्थ शरीरात वाढतात, अँटीऑक्सिडंट त्यांना आवरायला मदत करतं, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, "समई काळी पडते ना, तशी नस काळवंडते असं समजा. ही गोळी म्हणजे चिंच."

त्यांचा चेहरा उजळला. मीही स्वतःवर खूश झाले.

आता त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पुढे आल्या. "रोज सकाळीं चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन बसतात. मीं म्हटलें, इतकें घासूं नका, समई नव्हे ती."

"आणि गोळी?"

"रात्रीची घेतों," गोविंदराव म्हणाले. "सकाळची घरींच होती की. चिंच."

"ती गिळायची गोळी होती."

"तुम्हींच म्हटलें चिंच."

म्हटलं होतं खरं. रात्रीच्या गोळीने आग कमी झाली, श्रेय चिंचेला मिळालं, आणि बधिर टाच सोलली जात होती ते त्यांना कळलंच नाही.

"पाय काढावा लागेल का?" सरस्वतीबाईंनी हळूच विचारलं.

मी जखम तपासली. खोल नव्हती, हाडापर्यंत पोचली नव्हती. पायाला रक्तपुरवठा चांगला होता. "नाही," मी म्हटलं. "पण अजून आठवडाभर घासलं असतं तर मला हे सांगता आलं नसतं."

गोविंदरावांनी पहिल्यांदाच वाकून आपली टाच पाहिली.

तेवढ्यात नर्स सेल्वी आत आली. "अम्मा, बाहेर आणखी दोघं बसलेत. त्यांच्याही पायांना तोच वास येतोय."

ते गोविंदरावांचे भजनातले सोबती निघाले. एकाला डायबेटिस होता. दुसऱ्याला काहीच नव्हतं. त्याला फक्त मागे राहायचं नव्हतं. त्या दिवशी मी सहा पाय तपासले. इतके स्वच्छ पाय मी आजवर पाहिले नव्हते. सुदैवाने त्या दोघांची कातडी शाबूत होती.

गोविंदरावांची जखम भरायला पाच आठवडे लागले. ड्रेसिंग, मऊ चप्पल, दोन्ही गोळ्या आणि साखरेवर लक्ष. आग बरीच उणावली. गुण कुठल्या गोळीचा, की साखर ताब्यात आल्याचा, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्यांना तसं सांगितलं.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "गुण चिंचेचाच. आधीं बाहेरून लावली, आतां गिळतों."

मी वाद घातला नाही.

तेव्हापासून मी पेशंटला उदाहरणं देत नाही. ही गिळायची, तीही गिळायची, मला विचारल्याशिवाय पायाला काही लावायचं नाही, एवढंच सांगते. माझं बोलणं फार कोरडं झालंय अशी तक्रार येते. टाचांची मात्र येत नाही.