ओल्या रंगाचा वास
नातवाने सकाळी दुकानाच्या शटरला तेलरंग द्यायला घेतला, आणि त्या वासासरशी मला एक पाडवा आठवला. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. नगरच्या आमच्या जुन्या पेठेतलं गिऱ्हाईक स्टेशनाकडच्या नव्या दुकानांकडे वळलं होतं, म्हणून सगळ्या दुकानदारांनी ठरवलं, दर्शनी बाजू हिरवी रंगवायची आणि पाडव्याच्या मुहूर्ताला एकदम दुकानं उघडायची. आमचं बांगड्यांचं दुकान पुढे, घर मागे, आणि बाहेर पडायची वाट दुकानातूनच. सासऱ्यांनी आदल्या संध्याकाळी दुकानाच्या लाकडी फळ्या खाचेत बसवल्या आणि बाहेरून हौसेने फटींत लांबीचा लगदा भरून वर जाड रंग दिला, आणि स्वतः रात्री बाहेर ओट्यावरच झोपले. सकाळी एकही फळी हलेना. बाहेर सनई वाजत होती, शेजारची दुकानं खडाखड उघडत होती, आणि मी नवं लुगडं नेसून, बोचकं काखेत धरून आत अंधारात उभी. लग्नानंतर पहिल्यांदाच भाऊ मला न्यायला आला होता. "अक्का, गाडी जाईल! फळी फोडा म्हनावं!" तो बाहेरून ओरडत होता. "फोडायची न्हाई," सासरे म्हणाले, "सगळ्या पेठंत आपलंच दुकान भुंडं दिसंल. सुतार येऊ दे." सुतार आला तोवर गाडी गेली. फळ्या निघाल्या तशी बायकांची झुंबड आत शिरली. सासूबाई म्हणाल्या, "आता कुठं जातीस? बस बांगड्या भरायला." भाऊ दुसऱ्या गाडीने एकटाच परतला. मघाशी नातू म्हणाला, "आजी, रंग ओला आहे, तू आतच बस." मी खुर्ची उचलली आणि रस्त्यावर जाऊन बसले.