मास्तरीणबाई नवी सिस्टीम टाकतात

कालव्याच्या पुलाशी आलो तरी मास्तरीणबाई हसतच होत्या. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला त्यांनी एकच प्रश्न चारदा विचारला होता. नवी सिस्टीम टाकली तर माझा कपड्यांच्या पॅटर्नचा जुना प्रोग्राम चालेल का?

"नाही चालणार मावशी. बनवणारी कंपनीच बंद पडली. फाइली राहतील, पण उघडणार नाहीत."

"पुन्हा जुनी सिस्टीम टाकली तर?"

"तिची सीडी तुम्हीच हरवलीय ना? घाबरू नका, विचार करून ठरवा."

"घाबरू नका म्हणे!" कठड्याला टेकून त्या म्हणाल्या. "मी खात्री करून घेत होते गं. रविवारी बोलावलंय त्याला."

आम्ही दोघी एकाच शिवणखान्यात होतो. मी काज-बटणाला, त्या कटिंग मास्तर, म्हणून मास्तरीणबाई. कामगारांचे गणवेश शिवायचो. हात वर करून काम करणाऱ्याचा शर्ट काखेत उसवतो, म्हणून बाईंनी बाही जोडायचा मुंढाच वेगळा आखला आणि काखेत लहानसा जादा तुकडा बसवला. शिकवायला कोणी नसताना, घरच्या कॉम्प्युटरवर बोटं आपटत त्यांनी असे चारशे पॅटर्न चढवले. बावीस वर्षं!

मग मालकांचा भाचा कॉम्प्युटरवर चालणारं नवं कटिंग मशीन घेऊन आला. मालकांनी बाईंचे कागदी पॅटर्न रद्दीत घातले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आता कॉम्प्युटर आहे. मास्तरणीचं काय काम?" बाईंनी आपली कात्री पिशवीत टाकली आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या.

भाच्याने कापड वाचवायला तो तुकडा उडवला. आता शर्टांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत येताहेत. परवा मालकांचा बाईंना फोन आला, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरवरचे जुने पॅटर्न तेवढे द्या. सोमवारी स्वतः येतो."

"ताई!" बाई पुलावरून खाली थुंकल्या. "बावीस वर्षांत कधी ताई म्हणाला नाही मेला."

"मग नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा. त्यासाठी कॉम्प्युटर कशाला बदलायचा?"

"नाही म्हटलं तर पुन्हा येईल. बायकोला पाठवेल. ती डोळ्यांत पाणी आणेल आणि मी देऊन बसेन. मला ओळखतेस ना? त्यापेक्षा त्याला समोर बसवायचं, चहा द्यायचा, फाइली द्यायच्या आणि म्हणायचं, घ्या, उघडा. कॉम्प्युटर आहे ना तुमच्याकडे?"

"पण तुमचंही सगळं जाईल, बाई."

पूल उतरलो, गॅरेजं मागे पडली, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "लहान मुलांच्या कोटाचा एक पॅटर्न आहे. सहा महिने खपले होते त्यावर. त्याचं तेवढं वाईट वाटतं."

"मग राहू द्या ना. देव बघतोय, तो करेल त्यांचं काय करायचं ते."

"करेल गं, पण सवडीने करेल. मला सोमवारी पाहिजे."

मला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली. त्यांचा अपमान झाला तेव्हा मीही मान खाली घालून काजं करत बसले होते. उपदेश करायला कुठल्या तोंडाने उभी राहू?

माझी गल्ली आली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"रोज सकाळी देवापुढे माझं नाव घेतेस, ठाऊक आहे मला. सोमवारपर्यंत घेऊ नकोस. मन मऊ पडतं माझं. एवढं ऐक."