कोरडा सोमवार

देव माझ्यावर रागावलाय, असं मी मनाशी धरून बसलो होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी बेळगावला किरणोपचार चालू होते. निपाणीहून रोज बसनं जायचो. काही दिवसांनी लघवीला आग होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, असा त्रास होतो, गोळ्या देतो. मला मात्र ती शिक्षाच वाटली. मी महादेवाला बोललो, उपचार संपेपर्यंत सोमवार निर्जळी धरीन. बायकोलाही सांगितलं नाही.

खरं तर उपचाराआधी भरपूर पाणी प्यायचं असतं. मूत्राशय भरलेलं असलं की त्याचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात, त्रास कमी होतो. हे मला पहिल्या दिवशीच समजावलं होतं. तरी त्या सोमवारी 'प्यायलोय' असं खोटं सांगून मी टेबलावर झोपलो. किरण देण्याआधी यंत्रानं काढलेल्या चित्रात मूत्राशय रिकामं दिसलं. यंत्र चालवणाऱ्या मुलीनं उठवलं. "काका, असं दिलं तर आग वाढेल. पाणी पिऊन या."

बाहेर बाकावर मान खाली घालून बसलो. शेजारी वडगावची एक आक्का, विणकर नवऱ्याला घेऊन आलेली. माझे सुकलेले ओठ बघून म्हणाली, "अण्णा, उपास हाय व्हय?"

मी सगळं सांगून टाकलं. परक्या बाईपुढं डोळे भरून आले.

"अवो, महादेवाच्या डोस्क्यावर रातंदिस पाणी गळतंय. आणि तुमी त्याच्याच नावानं कोरडं बसलासा?"

तिचा नवरा हसला. "प्या गप. मला बी पाजून पाजून रांजण केलंय हिनं."

तिनं स्टीलचा पेला भरून पुढं केला. मी महादेवाचं नाव घेतलं आणि प्यायलो. तासाभरानं उपचार नीट झाला.

आग एका दिवसात गेली नाही. पाणी आणि गोळ्या नेमानं घेतल्या, तशी ती सोसण्याजोगी झाली. त्या आक्काला कुणी पाठवलं, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. स्वतःचा नवरा आजारी असताना परक्याच्या ओठांकडे तिचं लक्ष गेलं, याचं नवल अजून सरत नाही. देवासाठी सोसून दाखवणं मला सोपं वाटलं होतं. समोर आलेलं घेणं जड गेलं. त्या बाकावर माझा हात पेल्याकडे गेलाच नाही, शेवटच्या घोटापर्यंत तो तिनंच धरून ठेवला होता.