नियमात बसलेला कोड

माझी जीभ कडू आहे, हे पाटोद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. खताच्या दुकानावरच्या खोलीत चार पोरींना घेऊन मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचे. वर कुणाचा कोड चुकला ते खालच्या दुकानदाराला माझ्या आवाजावरून कळायचं. आमचं काम वेबसाइटची पानं बांधायचं. बटण, शोधायचा रकाना, फोटोची चौकट, असे सुटे तुकडे करायचे नि जोडायचे. त्या तुकड्यांना कंपोनंट म्हणतात. प्रत्येकीनं आपल्या मनासारखं लिहिलं की थोड्याच दिवसांत कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून माझे नियम होते. एका फाईलीत एकच कंपोनंट. नावावरून त्याचं काम कळलं पाहिजे. वरच्या कंपोनंटनं दिलेली माहिती खालच्यानं परस्पर बदलायची नाही, बदल हवा तर वर कळवायचं. आणि एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली की मी हातातला घास खाली ठेवून भांडायचे.

त्या पोरींतली एक मेंढरं राखणाऱ्या घरातली. आई-बाप वर्षातले कितीतरी महिने कळपामागं रानोमाळ. तिच्या आईनं मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "बाई, पोरीची नोकरी हाय तवर आमी सोयरीक बघत न्हाई. नोकरी गेली की मातूर आमचं आमी बघू." पोरीला पुढं एमसीए करायचं होतं. नोकरी टिकली तर शिक्षण, नाहीतर लग्न, इतका सरळ हिशोब होता तो.

सुरुवातीला ती प्रत्येक नियमाला "कावून?" विचारायची. "ताई, दोनदा लिवलं तर कावून चालत न्हाई? चालतंय की." मी चिडायचे. "आज चालतंय गं बाई. उद्या रंग बदला म्हणले की एका जागी बदलशील आन् दुसरीकडं राहील." एकदा खरंच तसं झालं. खरेदीच्या पानावरचं बटण हिरवं झालं आणि पैसे भरायच्या पानावरचं निळंच राहिलं. तेव्हापासून ती माझ्याहून कडक झाली. कोड तपासायला तिच्याकडं गेला की बाकीच्या कपाळाला हात लावायच्या. पण एक होतं, जे नियमात बसतंय त्याला ती खामखा नावं ठेवायची नाही. आवडो न आवडो, बरोबर ते बरोबर. मला लई अभिमान होता तिचा. तोंडावर कधी बोलले नाही, डोक्यावर बसतील म्हणून.

मग कंपनीनं सांगितलं, तुमचे तोंडी नियम नीट लिहून पाठवा. आम्ही दोघींनी बसून लिहिले. प्रत्येक नियमाखाली बरोबर कसं नि चूक कसं, याची उदाहरणं तिनं घातली. मला वाटलं, नव्या भरतीसाठी असेल. कसली भरती नि कसलं काय! ते सगळं त्यांनी एआयला वाचायला दिलं. साहेबांचा फोन आला, आता कोड एआय लिहील, तुम्ही फक्त तपासा. त्यानं नियम पाळले तर तिथं फक्त तुम्हाला एकटीला ठेवू, चुका निघाल्या तर दिवाळीपर्यंत आहे तसं चालू दे. आणि तपासायला त्यांनी तिचंच नाव सांगितलं.

नेमकं त्याच सुमारास धर्मापुरीहून तिला स्थळ आलेलं. मुलाकडच्यांना घाई, दिवाळीपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. म्हणजे तोवर नोकरी टिकली असती तर स्थळ आपोआप टळलं असतं. हे तिलाही ठाऊक होतं नि मलाही.

शेतीची अवजारं विकणाऱ्या दुकानाची वेबसाइट होती. सकाळपासून ती एकेक फाईल उघडून बघत होती. मी दिलेला चहा तसाच गार झाला. दुपारी म्हणाली, "ताई, एक बी चूक न्हाई ओ."

"नीट बघ."

"लई येळा बघितलं. आपण लिवलंय तस्संच केलंय त्यानं. नावं बी माझ्या उदाहरणातल्यासारखीच ठिवलीत."

माझ्या डोक्यात आग गेली. बाकीच्या पोरी जेवायला गेलत्या. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "अगं येडे, काढ की एखादी! ही चौकट लई मोठी झालीय म्हण, तुकडे करायला पाहिजेत म्हण. पुण्यात कोण बघतंय?"

"मोठी न्हाई ताई ती. नियमात बसतीय."

"खड्ड्यात गेला तो नियम! तुझं लग्न लावून देतील, कळतंय का तुला?"

"कळतंय."

तिचे डोळे भरून आलते. तरी तिनं मंजुरीचं बटण दाबलं. मी तिला एक शिवी हासडली नि खाली जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदारानं विचारलं, "काय झालं बाई?" रडू फुटत होतं, म्हणून डोकं दुखतंय म्हणाले.

व्हायचं तेच झालं. खोलीवर मी राहिले. दोघी पुण्याला गेल्या, एक घरी शिवणयंत्रावर बसली. आणि तिचं धर्मापुरीला लग्न ठरलं. तिच्या आईचा फोन आला, "बाई, तुमी तरी समजावून सांगा, पोरगी जेवंना." काय समजावणार, कपाळ! मी साहेबांशी फोनवर कडाकडा भांडले. ते "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिले. आता मी एकटी एआयचा कोड तपासते. चांगला असतो. त्या मेल्या एआयवर ओरडायलाही जागा नाही. दिवसभर खोलीत आवाज नसतो, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

लग्नाआधी ती पत्रिका द्यायला आली. तिच्या टेबलावर आता खोकी होती, ती बाजूला करून तिथंच टेकली. इकडचं तिकडचं बोलली, मेंढरांचं, धाकट्या बहिणीच्या शाळेचं. निघाली नि दारात थांबली.

"ताई, तवा एखादी चूक काढली असती, तर दिवाळीपातूर राहिले असते का ओ मी?"

साहेबांचं आधीच ठरलं होतं, काही उपयोग झाला नसता, असं मला म्हणता आलं असतं. तिला झोप तरी लागली असती. पण ती सरळ माझ्याकडं बघत होती आणि मला ते जमलं नाही.

"राहिली असतीस," मी म्हणाले.

तिनं चपला पायात सरकवल्या.

"मग काढायला पायजे होती," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.