मास्तरचे वजन

माझ्या काट्यावर मला आजवर एकाच माणसाने फसवले, आणि तो माझा सख्खा साडू. कुरखेड्याच्या बाजारात मोहफुले, लाख, चारोळी तोलता तोलता माझे केस पिकले. ओली फुले मी हात न लावता ओळखतो. लाखेत कोणी वाळू मिसळली तर त्याच्या सात पिढ्या काढतो. आणि मला गंडवले कोणी? धोतराची गाठही धड मारता न येणाऱ्या शाळामास्तरने.

रशियाने एक कुत्री आकाशात पाठवली, ही बातमी वाचल्यापासून मास्तरचे जमिनीवरून लक्षच उडाले. तिथे वर कशालाच वजन नसते, एवढे त्याला कुठल्याशा मासिकात मिळाले होते. मग घास पोटात उतरेल कसा? सगळे गाव धान कापायला गेले असताना हा चिंचेच्या फांदीला गुडघे अडकवून उलटा लटकला आणि लोटाभर आंबील प्यायला. अर्धी नाकात गेली, तरी उतरताच ओरडला, "भाऊ, गिळाले वजन लागत नाई! घसा सोताच ओढते!"

मी म्हटले, "मास्तर, वटवाघूळ हे रोज करते. ते कोनाले सांगत नाई."

त्याने वटवाघूळही वहीत लिहून घेतले.

पुढचा प्रश्न पायांचा. वजनच नसेल तर पायांना काम काय, आणि बिनकामाच्या पायांचे होते काय? ते पाहायला त्याने शाळेतून रजा घेतली, रक्त वजन नसल्यासारखे डोक्याकडे यावे म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या आणि तीन महिने न उठण्याचे ठरवले. साळी, म्हणजे त्याची बायको, रडत दुकानात आली. "भाऊजी, याहिले तुमीच आवरा. माहं आयकत नाई."

मी जाऊन घासाघीस केली. दर शनिवारी मी काटा आणायचा; वजन पाच शेर उतरले की मास्तरने उठायचे. तो इतक्या पटकन कबूल झाला, तिथेच मला संशय यायला हवा होता.

दर शनिवारी आम्ही त्याला वाकळीसकट पारड्यात ठेवत असू. गाल बसले, पिंढऱ्या काडीसारख्या झाल्या, पण वजन जागचे हलेना. बाजारात मी बापाचेही पोते झाडून घेतो. इथे नातेवाईक म्हणून वाकळ झाडली नाही. दहाव्या शनिवारी ती उसवली. पोरांना दाखवायला आणलेले लोहखनिजाचे दगड त्याने खाटेखालच्या पेटीतून काढून तिच्यात शिवले होते. ते भदाभद माझ्या पायावर पडले.

"काऊन फसवलं मले?"

"तुमी उठवलं असतं ना, भाऊ. अर्धवट राह्यलं असतं."

"मंग आता उठा! आत्ताच्या आत्ता!"

तो उठला. दोन पावले टाकली, डोळे फिरले, कोसळला. खुब्याचे हाड मोडले. चांद्याचा डॉक्टर म्हणाला, इतके दिवस पडून राहिल्याने हाड कमजोर झाले होते, आणि एकदम उभे राहताच रक्त डोक्यापर्यंत चढले नाही. त्या कळांतही माझा साडू हसला. "भाऊ, वही द्या."

आता तो अंगणात पडून असतो. साळी सकाळी त्याला उचलून बाहेर आणते, ऊन तापले की आत नेते. वर जाणाऱ्या माणसाने रोज पाय चालवत राहावे, नाहीतर परतल्यावर तो उभा राहणार नाही, असे त्याने कितीतरी वर्तमानपत्रांना लिहिले. कोणी साधी पोचही दिली नाही. तरी मी गेलो की तो हौसेने सगळे पुन्हा सांगतो, आणि साळी मला गूळ-पाणी आणून देते. माझ्याकडे बघत मात्र नाही.

मास्तर, बाकीचे राहू द्या. त्या दिवशी मी ओरडलो नसतो, तुम्हाला हळूहळू उठवले असते, तर तुम्ही आज चालत असता का? शास्त्र तुमचे आहे. उत्तर द्या.