लंगडा पोपट

“हा पोपट माझा आहे,” पैठणी विणणाऱ्या कुसुममावशी साड्यांच्या प्रदर्शनात अशा ओरडल्या, की छताचे पंखे घाबरून उलटे फिरू लागले. वर्षापूर्वी त्यांच्या हातून पदरावरच्या एका पोपटाचा पाय विणायचाच राहिला होता. त्याच पदराचा फोटो काढून कुणीतरी तो यंत्रावर छापला. आता भिंतभर साड्या आणि साडीभर लंगडे पोपट. अख्खं रान एका पायावर उभं. मावशींसोबत आलेल्या माझं डोकं फिरलं. जिच्यापायी मावशींनी महिनाभर धड जेवण केलं नाही, ती चूकसुद्धा या लोकांनी उचलून नेली. माणसाची चूक तरी माणसाकडे राहू द्यावी.

“निदान माझं नाव लावा,” मावशी म्हणाल्या.

विक्रेत्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. “मावशी, आमच्याकडे फाइलच अशी आली.”